न दिसलेले आणि न पाहिलेले

2016 च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेत एका जुन्या पैजेचा निकाल लागला. 2000 साली तिथे जमलेल्या भौतिकशास्त्रज्ञांनी कागदावर सह्या करून ठेवल्या होत्या. सुपरसिमेट्रीने भाकीत केलेला एक तरी कण ठरलेल्या मुदतीत सापडेल की नाही, असा प्रश्न होता. मुदत पुढे वाढवून दिली गेली, तरी कण सापडला नाही. 'सापडेल' म्हणणाऱ्यांनी कोन्याकच्या बाटल्या देऊन हार मानली. हरणाऱ्यांत नोबेलविजेते डेव्हिड ग्रॉस होते, नीमा अर्कानी-हमीद होते.

पैज हरली ती हरलीच. मुदत संपली, कण नाही, बाटली द्यायला हवी. पण त्या सुमारास 'सुपरसिमेट्री मेली' असा जो सूर लागला आणि अजूनही अधूनमधून लागतो, तो मात्र तपासून घ्यायला हवा. याच अर्कानी-हमीद यांनी साव्हास डिमोपूलोस यांच्याबरोबर 2004 साली सुपरसिमेट्रीची एक वेगळी मांडणी केली होती. तिच्यातला ग्लुइनो नावाचा कण जन्मल्याबरोबर मरत नाही. तो डिटेक्टरमध्ये काही अंतर चालतो, कधी पार बाहेर निघून जातो, कधी मध्येच अडकून बसतो. असे कण शोधण्याचे प्रयत्न 2016 च्या आधीही होत होते, नाही असे नाही. पण ते मुख्य मांडवाच्या कडेला होते. बहुतेक मनुष्यबळ, बहुतेक संगणक आणि बहुतेक उत्साह खर्च झाला तो जन्मताच फुटणाऱ्या कणांवर.

'सापडले नाही' या वाक्याला 'कुठे पाहिले आणि केव्हा पाहिले' एवढे जोडल्याशिवाय काही अर्थ नसतो. प्रोटॉन एकमेकांवर आपटवणाऱ्या लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या, म्हणजे एलएचसीच्या, पहिल्या दशकात 'कुठे' हा प्रश्न कसोशीने विचारला गेला. 'केव्हा' हा प्रश्न तितक्या गांभीर्याने विचारला गेला नाही, असे माझे मत आहे.

सुपरसिमेट्रीची कल्पना सांगायला सोपी आहे. आपल्याला माहीत असलेल्या प्रत्येक मूलकणाला एक जोडीदार असावा, आणि दोघांच्या स्पिन या गुणधर्मात अर्ध्याचा फरक असावा. क्वार्कचा जोडीदार स्क्वार्क, ग्लुऑनचा ग्लुइनो, डब्ल्यू कणाचा विनो, हिग्ज कणाचा हिग्जिनो. हे जोडीदार हिग्जच्या वस्तुमानाला आवर घालतात, आणि त्यांच्यातला सर्वांत हलका कण टिकाऊ असेल तर विश्वातल्या कृष्णद्रव्याचे कोडेही सुटू शकते. एका दगडात दोन पक्षी म्हणताना जे समाधान होते, ते समाधान तीन पिढ्यांच्या सैद्धांतिकांना या कल्पनेने दिले. या विषयावरचे एक प्रमुख पाठ्यपुस्तक 2004 सालचे आहे. त्याच्या तीन लेखकांपैकी एक पुण्याच्या रोहिणी गोडबोले, दुसरे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले प्रबीर रॉय आणि तिसरे जर्मन शास्त्रज्ञ मान्वेल ड्रीस. गोडबोले 2024 च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. त्यांच्या हयातीत असा एकही जोडीदार कण, म्हणजे सुपरकण, सापडला नाही.

शोधाची नेहमीची रीत अशी. दोन प्रोटॉन आपटतात, ग्लुइनोंची जोडी निर्माण होते आणि तिथल्या तिथे फुटते. त्यातून सामान्य कणांचे झोत निघतात, आणि सर्वांत हलका सुपरकण काहीही मागमूस न ठेवता निघून जातो. मग संवेगाचा हिशेब लागत नाही. तो हरवलेला संवेग हीच खूण. या रीतीने ग्लुइनो सुमारे 2 टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरपर्यंत नाकारला गेला आहे. पण या सगळ्या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे: जे घडायचे ते टकरीच्या बिंदूपाशी, टकरीच्या क्षणीच घडते.

निसर्गाकडे पाहिले तर हे गृहीतक चमत्कारिक वाटते. म्युऑन 2.2 मायक्रोसेकंद जगतो. विद्युतभारित पायॉन 26 नॅनोसेकंद. मोकळा न्यूट्रॉन तर जवळजवळ पंधरा मिनिटे. बी-क्वार्क असलेले कण दीड पिकोसेकंद टिकतात असे 1983 मध्ये स्टॅनफर्डच्या प्रयोगांत दिसले. बहुतेकांनी अपेक्षा केली होती त्याहून ते आयुष्य बरेच जास्त निघाले, आणि लोक चकित झाले. वस्तुमान मोठे म्हणजे आयुष्य क्षणिक, असा सरधोपट नियम कणांच्या जगात कधीच नव्हता.

आयुष्य लांबते कशामुळे? कधी क्षय घडवून आणणारा मध्यस्थ फार जड असतो, जसा म्युऑनच्या बाबतीत डब्ल्यू कण. कधी जन्मदाता आणि अपत्य यांच्या वस्तुमानांत इतका थोडा फरक असतो, की फुटायला वावच राहत नाही. न्यूट्रॉन आणि प्रोटॉनमधला फरक हजारात जेमतेम दीड भाग आहे. आणि कधी एखादा संवर्धनाचा नियम पूर्ण नव्हे पण जवळजवळ पाळला जातो, त्यामुळे क्षय चोरवाटेने, रेंगाळत होतो. ही तिन्ही कारणे सुपरसिमेट्रीत मुद्दाम घालावी लागत नाहीत, ती आपसूक येतात. 2004 च्या त्या मांडणीत स्क्वार्क प्रचंड जड आहेत, म्हणून ग्लुइनोला मध्यस्थ मिळत नाही. भारित विनो आणि उदासीन विनो यांच्या वस्तुमानांत पायॉनच्या वस्तुमानाहून किंचित जास्त एवढाच फरक पडतो, म्हणून भारित विनो रेंगाळतो. आर-पॅरिटी नावाचा नियम किंचित मोडला, तर सर्वांत हलका सुपरकणही कालांतराने फुटतो. तेव्हा दीर्घायुषी सुपरकण हा हट्टी सैद्धांतिकाने काढलेला शेवटचा पत्ता नाही. उलट, सगळे सुपरकण अल्पायुषी असावेत याचेच स्पष्टीकरण मागायला हवे.

आता यंत्राकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. एलएचसीमध्ये प्रोटॉनचे पुंजके दर सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. हे सगळे साठवणे अशक्य. म्हणून ट्रिगर नावाची व्यवस्था असते. तिचा पहिला टप्पा काही मायक्रोसेकंदांत निर्णय देतो आणि चार कोटींतून सुमारे एक लाख घटना पुढे पाठवतो. दुसरा टप्पा त्यातून हजारच्या आसपास ठेवतो. बाकीच्या टाकल्या जातात, आणि त्या कायमच्या जातात. हे पाखडणे आहे, आणि सूप कोणत्या वजनाच्या दाण्यासाठी धरले आहे, यावर काय उरेल ते ठरते. एलएचसीचे सूप धरले होते झटपट फुटणाऱ्या, जास्त ऊर्जेच्या, बिंदूतून निघणाऱ्या कणांसाठी. पहिल्या टप्प्यावर कणांचे माग दाखवणारा आतला भाग वाचलाच जात नव्हता. तेवढा वेळ नव्हता. ऊर्जा मोजणारा कॅलरीमीटर आणि म्युऑनची यंत्रणा काय सांगते, त्यावर निर्णय. केंद्रापासून वीस सेंटिमीटरवर एखादा कण फुटला, तर ती गोष्ट त्या टप्प्याला कळण्याची सोयच नव्हती.

घड्याळाची अडचण वेगळीच. पुंजक्यांच्या दोन भेटींमध्ये 25 नॅनोसेकंदांचे अंतर असते. तेवढ्यात प्रकाश साडेसात मीटर जातो. ॲटलास हा डिटेक्टर 25 मीटर व्यासाचा आहे, म्हणजे त्याच्या कडेपर्यंत पोहोचायला प्रकाशालाही 40 नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. ही उडी यंत्रणा हिशेबात धरते, पण धरते ती प्रकाशवेगाने जाणाऱ्या कणांसाठी. निम्म्या वेगाने रमतगमत निघालेला जड कण कडेला पोहोचतो तेव्हा पुढची भेट होऊन गेलेली असते. त्याची नोंद दुसऱ्याच्याच खात्यावर पडते.

याचा अर्थ ट्रिगर रचणाऱ्यांनी हलगर्जीपणा केला असा नाही. हिग्ज शोधायचा होता आणि तो 2012 मध्ये सापडला, त्याच सुपातून. पण प्रत्येक निवड म्हणजे एक मत असते, आणि एलएचसीच्या ट्रिगरमध्ये सुपरसिमेट्रीबद्दलचे 1990 च्या दशकातले मत तारा-चिपांच्या रूपाने बसवलेले होते. पुढे निकाल वाचताना आपण ते मत विसरलो आणि निकाल निसर्गाचा आहे असे समजलो.

हे दुरुस्त करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतला सर्वांत देखणा मला भारित विनोचा वाटतो. त्याचे आयुष्य अंदाजाने घेतलेले नाही, गणिताने येते. सुमारे 0.2 नॅनोसेकंद, म्हणजे साधारण सहा सेंटिमीटरचा प्रवास. मग तो एक मंद पायॉन सोडून उदासीन विनो होतो. पायॉन इतका दुबळा की बहुधा दिसत नाही, आणि उदासीन विनो दिसणारच नाही. डिटेक्टरमध्ये उरतो तो अर्ध्यातच संपणारा माग: चार पावले उमटली आणि पुढे जमीन कोरी. 2014 मध्ये ॲटलासच्या अगदी आत, प्रोटॉन ज्यातून धावतात त्या किरणनळीपासून 3.3 सेंटिमीटरवर, माग टिपणाऱ्या पिक्सेलचा एक नवा थर बसवला गेला. आधी असा माग ओळखायला कण 30 सेंटिमीटरच्या आसपास जावा लागे, आता 12 सेंटिमीटर पुरू लागले. सहा सेंटिमीटर आयुष्याच्या कणासाठी हा फरक जमीन-अस्मानाचा. 2015 ते 2018 च्या नोंदींतून असा विनो 660 गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नाकारता आला. हिग्जिनो मात्र सेंटिमीटरभरच जातो, त्यामुळे त्याची मर्यादा 210 वरच थांबली. कृष्णद्रव्याचा सगळा हिशेब एकट्याने भागवायचा तर विनो 3 टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आणि हिग्जिनो 1.1 च्या आसपास हवा. म्हणजे सुपरसिमेट्रीची सर्वांत साधी कृष्णद्रव्याची कहाणी एलएचसीवर अजून तपासलेलीच नाही. 'मेली' म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारीशेजारी ठेवून पाहावेत.

अडकून बसणाऱ्या ग्लुइनोचा शोध तर कादंबरीत शोभावा असा आहे. ग्लुइनो क्वार्कांना चिकटून एक जड कण बनतो, वाटेत ऊर्जा गमावतो आणि कॅलरीमीटरच्या धातूत थांबतो. तिथे तो सेकंद, तास, कदाचित दिवस काढतो आणि मग फुटतो. म्हणून एलएचसीवरच्या सीएमएस डिटेक्टरच्या गटाने टकरी नसतानाच्या फटींत कान लावून बसायचे ठरवले. पुंजक्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत, काही घडायचे कारण नसताना, धातूतून ऊर्जेचा स्फोट झाला तर? अजून झालेला नाही. पण यंत्र थांबलेले असतानाही प्रयोग चालू ठेवण्याची ही कल्पना ज्याला सुचली, त्याला 'केव्हा' हा प्रश्न नीट कळला होता.

इथे सुपरसिमेट्रीवर संशय घेणारा वाचक एक रास्त आक्षेप काढेल. हा पळपुटेपणा नाही का? आधी म्हणालात 100 गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टला सापडेल, मग म्हणालात हजारला, आता म्हणता आयुष्य लांब आहे म्हणून दिसला नाही. उद्या आणखी काही काढाल. जो सिद्धांत कशानेच खोटा ठरत नाही, तो विज्ञान कसला?

या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. सुपरसिमेट्रीच्या पुरस्कर्त्यांनी वस्तुमानाबद्दल जी आश्वासने दिली, ती फसली. हिग्जच्या वस्तुमानाला आवर घालण्याचे मूळ कारणही त्यामुळे लंगडे झाले आहे. 2004 च्या मांडणीत तर ते कारण सोडूनच दिले होते. मला विचाराल तर एलएचसीवर सुपरकण सापडण्याची शक्यता मी फार मोठी धरणार नाही. पण आयुष्य हे हवे तसे फिरवायचे बटण आहे, हे खरे नाही. विनोचे 0.2 नॅनोसेकंद कुणाच्या सोयीने ठरलेले नाहीत. वरच्या टोकालाही कुंपण आहे. विश्वाच्या आरंभी मुबलक निर्माण झालेला कण सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा फार जास्त जगून फुटला असता, तर हायड्रोजन आणि हेलियम यांचे आज दिसणारे प्रमाण बिघडले असते. त्यामुळे पुष्कळ मांडण्यांत झाकलेला प्रदेश मोजता येतो, आखता येतो आणि एकेक तुकडा बंद करता येतो. पळपुटेपणा ठरेल तो हा प्रदेश न आखता 'कुठेतरी असेल' म्हणत राहणे.

आणि शोध सोपा आहे असेही नाही. सामान्य कणांच्या भौतिकीत केंद्रापासून लांब फुटणारे जड कण नसतात, त्यामुळे पार्श्वभूमी शून्य असायला हवी. असते ती यंत्राचीच घाण. कण डिटेक्टरच्या आधारकांबीवर आपटून शिंतोडे उडतात आणि ते क्षयासारखे दिसतात. वरून वैश्विक किरण येतात. किरणनळीला समांतर भरकटलेले म्युऑन येतात. दोन असंबद्ध माग योगायोगाने एकमेकांना छेदतात. यांतले बरेचसे संगणकावर खात्रीने उभे करता येत नाही, नोंदींवरूनच अंदाज बांधावा लागतो. म्हणून संशोधक डिटेक्टरमधल्या धातूचा मिलिमीटर-मिलिमीटरचा नकाशा काढतात आणि त्या जागी दिसलेले क्षय सरळ वगळतात.

या अडचणीची परीक्षा 2022 मध्ये झाली. ॲटलासने पिक्सेलमध्ये नेहमीपेक्षा खूप जास्त ऊर्जा सोडणारे माग शोधले, कारण संथ जड कण तसेच करील. अपेक्षा एकाहूनही कमी घटनेची होती, दिसल्या सात. योगायोगाने असे होण्याची शक्यता दोन हजारांत एकच्या आसपास. दुसऱ्या एखाद्या क्षेत्रात यावर ढोल वाजले असते. ॲटलासच्या लोकांनी मात्र त्याच सात कणांची वेळ बाहेरच्या थरांत तपासली, आणि ते सगळे जवळजवळ प्रकाशवेगानेच आलेले निघाले. संथ नाहीत, मग जास्त ऊर्जा का सोडली? काही सैद्धांतिकांनी लगेच दुप्पट विद्युतभाराचा कण सुचवला, कारण भार दुप्पट झाला की ऊर्जेचा ऱ्हास चौपट होतो. पुढे सीएमएसच्या शोधात तसे काही लक्षणीय दिसले नाही. ॲटलासने आपल्या शोधनिबंधात आकडा आणि त्याला खोडणारा पुरावा दोन्ही एकत्र छापले. 'शोध लागला' आणि 'काही नाही' या दोन्हींच्या मधे एक प्रामाणिक जागा असते, आणि ती टिकवणे अवघड असते.

या जागेची आपल्याकडची आठवण जुनी आहे आणि फारशी सांगितली जात नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणींत, जमिनीखाली दोन किलोमीटरच्या आसपास खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डिटेक्टर होते. तिथे जपानमधल्या ओसाकाच्या गटाबरोबर 1965 मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली. 1975 मध्ये कृष्णस्वामी, मेनन, नरसिंहम आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी मोजक्या, पण विलक्षण घटना प्रसिद्ध केल्या. दोन-तीन माग एका बिंदूतून निघत होते, आणि तो बिंदू खडकात नव्हता, खडक आणि डिटेक्टर यांच्यामधल्या मोकळ्या हवेत होता. त्यांनी सुचवलेला अर्थ असा: न्यूट्रॉनच्या काही पट वस्तुमानाचा, नॅनोसेकंदाच्या आसपास जगणारा नवा कण. आजच्या भाषेत हा दीर्घायुषी कणाचा शोध होता, तोही एलएचसीचा आराखडा व्हायच्या कितीतरी आधी. सर्न आणि फर्मीलॅब या प्रयोगशाळांतल्या प्रयोगांत तसले काही आढळले नाही, आणि हळूहळू विषय मागे पडला. 2014 मध्ये मूर्ती आणि राजशेखरन यांनी या घटना कृष्णद्रव्याच्या क्षयाच्या असू शकतील का, असा प्रश्न पुन्हा काढला. खाणीतले प्रयोग 1990 च्या दशकाच्या आरंभीच बंद झाले होते.

याच्या शेजारी मँचेस्टरची गोष्ट ठेवा. 1947 मध्ये रॉचेस्टर आणि बटलर यांनी वैश्विक किरणांच्या पाच हजारांच्या आसपास छायाचित्रांतून दोन छापली. दोन्हींत माग इंग्रजी व्ही अक्षरासारखा फाटलेला, जणू हवेतून अवतरलेला. नंतर दोन वर्षे त्यांना तिसरे मिळाले नाही. काही जणांनी हसून घेतले असणार. मग 1950 मध्ये कॅलिफोर्नियाच्या गटाने उंच डोंगरावर यंत्र नेले आणि तिशीच्या वर उदाहरणे आणली. आज आपण त्यांना केऑन आणि लॅम्डा म्हणतो. कोलार आणि मँचेस्टर यांत घटनांच्या संख्येचा फरक नव्हता. फरक होता तो कुणीतरी डोंगरावर जाऊ शकले याचा. तोच प्रयोग जास्त संधी असलेल्या जागी करून पाहण्याची सोय होती. कोलारला तेवढ्याच खोलीचा, तेवढाच रिकामा अवकाश असलेला दुसरा प्रयोग कुणी उभारला नाही. त्या घटना चूक होत्या असे मला बहुधा वाटते, पण ते 'बहुधा' कायमचे राहून गेले.

म्हणून मला पुढच्या पिढीचे काम कशात आहे याविषयी फारशी शंका नाही. दूर जाऊन फुटणारे कण शोधणारा फेझर हा छोटा प्रयोग ॲटलासच्या टकरीपासून 480 मीटरवर एका जुन्या बोगद्यात बसवला गेला. इतर डिटेक्टरांचे शिल्लक सुटे भाग वापरून तो उभा राहिला, आणि 2023 मध्ये त्याने कोलायडरमध्ये जन्मलेले न्यूट्रिनो पहिल्यांदा पकडले. मॅथुस्ला नावाचा प्रस्ताव सीएमएसच्या वर जमिनीवर मोठी रिकामी खोली बांधायची म्हणतो, तिच्या हवेत कण फुटतील का ते पाहण्यासाठी. पहिल्या आराखड्यात तिची बाजू 200 मीटर होती, खर्चापायी ती कमी होत होत 40 मीटरच्या आसपास आली. पुढच्या 91 किलोमीटरच्या महायंत्राविषयी युरोपात मोठमोठ्याने वाद चालू असताना या खोलीसाठी पैसा सापडू नये, हे मला समजत नाही.

त्याहून तातडीचे काम ट्रिगरचे आहे. एलएचसीचा जास्त प्रखर अवतार 2030 च्या सुमारास सुरू व्हायचा आहे. तेव्हा सीएमएसच्या पहिल्या टप्प्याला कणांचे माग दिसतील, एक लाखाऐवजी साडेसात लाख घटना पुढे जातील, आणि 30 पिकोसेकंदांच्या अचूकतेने वेळ मोजणारा नवा थर येईल. यंत्र तयार असेल. पण ते माग वाचण्याची आज्ञावली जर फक्त केंद्रातून निघणारे माग स्वीकारणारी लिहिली, तर सूप नवे आणि दाणा जुनाच राहील. केंद्रापासून सेंटिमीटरभर सरकलेले मागही वाचता यावेत यासाठीची कामे चालू आहेत, पण त्यांना बँडविड्थ मागताना हिग्जच्या आणि टॉप क्वार्कच्या मोजमापांशी भांडावे लागते. हे भांडण दीर्घायुषी कणांच्या बाजूने थोडे तरी झुकायला हवे. ज्ञात कणांची मोजमापे दोन टक्क्यांनी कमी अचूक झाली तर ती पुढे सुधारता येतील; टाकून दिलेल्या घटना मात्र परत मिळत नाहीत.

भारत 2017 पासून एलएचसी चालवणाऱ्या सर्नचा सहयोगी सदस्य आहे. सीएमएसच्या बाहेरच्या थरातले हेड्रॉन कॅलरीमीटर उभारण्यात टाटा संस्थेचा मोठा वाटा होता, आणि भाभा अणुसंशोधन केंद्रासह इतर भारतीय गट म्युऑनच्या यंत्रणेवर काम करतात. या गटांतल्या तरुणांना माझी विनंती एवढीच आहे, की मोठ्या निकालांच्या लेखकयादीत नाव येण्यापेक्षा ट्रिगरच्या यादीत एक ओळ आपली घालून घ्या. 2030 च्या आधी ती यादी ठरेल, नंतर तिच्यात शिरायला जागा राहणार नाही.